डोक्यावरचं काँक्रीट

वहिनी, भांडण असं अर्धवट टाकून कुणी जातं का?

मी रागावलोय. दादा म्हणतो, गेलेल्या माणसावर रागावू नये. तो थोरला, तो म्हणणारच. पण तुमची-माझी जुंपायची तेव्हा त्याने कधी मध्ये तोंड घातलं नाही, पेपर तोंडासमोर धरून बसून राहायचा, मग आता त्याने मला कशाला शिकवावं? तुम्ही त्याची बायको, मी तुमचा दीर, आणि आपण दोघंही सिव्हिलवाले. एका घरात दोन सिव्हिलवाले म्हणजे काय असतं ते त्या बिचाऱ्या मेकॅनिकलवाल्याने इतकी वर्षं सोसलं. आणि वाद तरी किती, एकच. तुम्ही म्हणायचात, पाडलेल्या इमारतींचं काँक्रीट फोडून त्याची खडी करायची आणि त्याच खडीचं पुन्हा काँक्रीट करून माणसाच्या डोक्यावर छत घालायचं. मी म्हणायचो, वहिनी, ती खडी रस्त्यात घाला, फुटपाथला घाला, पायाखाली कुठेही घाला. डोक्यावर मात्र नाही. छताच्या डिझाइनवर सही माझी असते, ती मी करणार नाही.

आणि ऐन चाचणीच्या निकालाच्या आठवड्यात तुम्ही स्वयंपाकघरात डोकं धरून खाली बसलात. इराचा फोन आला, "काका, कम फास्ट, आई इज नॉट टॉकिंग." मी चप्पल न घालता गाडीत बसलो होतो, हे मला हॉस्पिटलच्या गार फरशीवर कळलं. दादा रुवैसहून आख्खं वाळवंट मागे टाकून पोचला, तोवर डॉक्टर हळू आवाजात बोलायला लागले होते. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली म्हणाले. थोडे दिवस तुम्ही काचेपलीकडे होतात. मग तिथेही नव्हतात.

मी दुबईत उतरलो ते २००८ च्या उन्हाळ्यात. अल मनखूलच्या तुमच्या हॉलमधला सोफा हाच माझा पत्ता. दादा तेव्हाही रुवैसच्या रिफायनरीत, आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. तुम्ही एका कॉन्ट्रॅक्टरकडे क्वांटिटीचं, म्हणजे मालाच्या मोजमापाचं, काम करत होतात, आणि संध्याकाळी चहाचा कप घेऊन खिडकीत उभ्या राहायचात. समोर क्रेनच क्रेन. "भावोजी, बघा तरी! माणसं हे करतात! आपल्यासारखी, सकाळी डबा घेऊन कामाला जाणारी माणसं!" सांगली सोडून तुम्हाला बरीच वर्षं झाली होती, तरी तुमचा अचंबा काही संपला नव्हता. मला वाटायचं, बाई जरा साधीच दिसतेय. रोज दिसणाऱ्या क्रेनचं काय एवढं?

शुक्रवारी सकाळी तुमची एक यात्रा असायची. सिलिकॉन ओएसिसच्या बाजूला एका टॉवरमध्ये तुम्ही दोघांनी फ्लॅट बुक केला होता. आधी नुसता खड्डा होता, मग कॉलम वर यायला लागले. तुम्ही कुंपणापाशी उभ्या राहून हवेत बोट दाखवायचात, "ते बघा आपलं किचन." इरा विचारायची, "व्हेअर?" "अगं तिथे, ते कबुतर उडतंय ना, त्याच्या जरा वर." दादा कपाळावर हात धरून बघायचा आणि म्हणायचा, मला तर काहीच दिसत नाही. तुम्ही चिडायचात. तुम्हाला तिथे ओटा दिसायचा, खिडकी दिसायची, खिडकीतली तुळस दिसायची.

मग क्रेन थांबल्या. सगळ्या एकदम नाही. एक थांबली, काही दिवसांनी तिच्या शेजारची, आणि एके दिवशी तुमच्या लक्षात आलं की हलणारी एकच उरलीय. आपल्या बिल्डिंगच्या लिफ्टमधून रोज कुणाच्या ना कुणाच्या बॅगा उतरायला लागल्या. ओळखीची माणसं निरोप घ्यायला यायची आणि जाताना आपला मिक्सर, आपली कुंडी तुमच्या हातात देऊन जायची. तुमची नोकरी गेली. माझी कशीबशी तगली. तुमचा टॉवर काही मजले चढून तिथेच थबकला. तुमचा मजला आलाच नाही. बिल्डरच्या ऑफिसला कुलूप लागलं, आणि आपल्याच बिल्डिंगमधल्या किती घरांत तेव्हा रडारड झाली. तुम्ही रडला नाहीत. शुक्रवार आला की गाडीची किल्ली घ्यायचात. मी वैतागून विचारलं होतं, "आता काय बघायचंय तिथे?"

"उभा आहे ना तो अजून. बघून येते."

त्यानंतर तुम्ही ती नोकरी धरलीत. शहराबाहेर वाळूत एक यार्ड, तिथे पाडलेल्या बांधकामांचा राडारोडा येऊन पडायचा आणि एक क्रशर तो फोडायचा. मालक अबू सालेम, सगळे त्याला अरबाब म्हणायचे. नातेवाइकांनी फोन करकरून तुमची कीव केली. इंजिनिअर बाई आणि राडारोड्यात नोकरी! मीही बोललो, खोटं कशाला सांगू. तुम्ही म्हणालात, "एकदा येऊन बघा आणि मग नाक मुरडा."

आलो. धूळ अशी की श्वास घ्यायची चोरी. एका बाजूने ट्रक काँक्रीटची ढेकळं ओतत होते, मधे क्रशर कडाकडा दात खात होता, पट्ट्यावरचं चुंबक लोखंडी सळ्यांची वेटोळी वर ओढून घेत होतं, आणि पलीकडे राखाडी खडी पडत होती. त्या गदारोळात तुम्ही हेल्मेटखाली ओढणी बांधून उभ्या होतात, आणि तुमचा चेहरा जत्रेत आलेल्या माणसासारखा. लोडर चालवणारा शौकत, आपल्या दापोलीचा, मला हळूच म्हणाला, "सायब, मॅडम रोज अशाच बघत उभ्या र्‍हातात. आम्हाला वाटतं काय हरवलंय की काय." तुम्ही एक ढेकूळ उचललंत, हातोडीने फोडलंत आणि आतला काळपट दगड माझ्या नाकासमोर धरलात.

"हा कुठला?"

"फुजैराच्या खाणीतला असेल."

"त्याआधी?"

"डोंगरातला. वहिनी, ऊन लागतंय."

"आणि डोंगर व्हायच्या आधी? समुद्राचा तळ होता हा, भावोजी! समुद्राचा तळ वर आला, त्याचे डोंगर झाले. मग आपण आलो, आपण तो फोडला, त्याला सिमेंट फासलं, चार वर्षं इमारत म्हणून उभा केला, आणि आता म्हणतो, हा जुना झाला, फेका! अहो, ह्याच्या आयुष्यात ती इमारत म्हणजे एक शिंक."

मी त्या दगडाकडे बघितलं. कॉलेजात जिऑलॉजीचा पेपर मीही दिला होता, हे सगळं मलाही ठाऊक होतं. पण असं कुणी हातात ठेवलं नव्हतं. उन्हात उभा असून माझ्या अंगावर काटा आला, आणि तो तुम्हाला दिसू नये म्हणून मी घाईघाईने पाणी मागितलं.

त्या खडीची खोड तुम्ही फार लवकर ओळखलीत. तिला जुन्या सिमेंटची पुटं चिकटलेली, त्यामुळे ती पाणी फार पिते. काँक्रीटमधलं पाणी सगळं तीच पिऊन टाकते आणि सिमेंटला काही उरत नाही, मिश्रण कोरडं पडतं. लोक त्यावर वरून पाणी ओतत बसायचे. तुम्ही म्हणालात, पोह्यांत कुणी वरून पाणी ओततं का? धुवायचे, निथळायचे, झाकून ठेवायचे. तशी तुम्ही खडी धुतलीत, ओल्या गोणपाटाखाली झाकलीत, आतून तृप्त आणि बाहेरून कोरडी झाल्यावर मिक्सरमध्ये घातलीत. शौकत आणि त्याची माणसं तिला "पोह्याची खडी" म्हणायला लागली. फुटपाथचे पहिले ब्लॉक इतके सुरेख निघाले की तुम्ही एक ब्लॉक पिशवीत घालून घरी आणलात आणि टीव्हीवर ठेवलात.

आठवड्याभरात टीव्हीवरचा ब्लॉक पांढरा पडला. यार्डातले सगळेच पडले, पीठ उधळल्यासारखे. पोह्यांचं सगळं बरोबर होतं हो, पण धुवायला पाणी कुठलं घेतलंत? यार्डातल्या बोअरचं! सांगलीच्या माणसाला बोअरचं पाणी म्हणजे गोडच वाटणार. इथे वाळूखाली समुद्र आहे, ते पाणी खारट ढुस्स. मीठ ब्लॉकमधून फुटून वर आलं होतं. मी त्या दिवशी इतका हसलो की सोफ्यावरून घसरलो. "वहिनी, मीठ जास्त झालं!" तुम्ही उलथनं घेऊन माझ्या मागे लागलात. पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही अबू सालेमच्या मागे लागलात, आणि त्याने गोड्या पाण्याचे टँकर आणेपर्यंत त्याला सोडलं नाहीत. तो मला नंतर हिंदीत म्हणाला होता, "तुम्हारा भाभी मेरा अरबाब है, मैं नहीं."

तिथून पुढे तुमचे ब्लॉक विकले जायला लागले, रस्त्यांच्या थरात तुमची खडी जायला लागली, आणि तिथूनच आपलं भांडणही सुरू झालं. कारण तुम्हाला एवढ्याने समाधान नव्हतं. "सगळी पायाखालीच जाते हो," तुम्ही म्हणायचात. "कुणीतरी ती डोक्यावर घ्यायला नको का?" मी म्हणायचो, फुटपाथचा ब्लॉक फुटला तर माणूस ठेचकाळतो. छत फुटलं तर? तुमच्या ढिगात काय काय येतं ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. प्लास्टर, जिप्समच्या पट्ट्या, टाइल्स, रंग, कुणाच्या तरी बाथरूमचा आरसा. जिप्सम काँक्रीटला आतून फुगवतं, मीठ सळ्या खातं, आणि हे सगळं दिसायला लागतं तेव्हा खाली माणसं झोपलेली असतात. मी ह्या मुद्द्यावर बरोबर होतो, वहिनी. आजही बरोबर आहे. तुम्हालाही ते ठाऊक होतं, म्हणून तर तुम्ही ताट वाढता वाढता भाजीचा डाव जरा जोरात आपटायचात. मोठी होत चाललेली इरा कानातले हेडफोन काढून विचारायची, "यू गाइज आर फायटिंग अबाउट रॉक्स अगेन?" आणि दादा पेपर आणखी वर धरायचा.

असं किती वर्षं चाललं. मग तुमचा टॉवर पाडायला काढला.

प्लॉट दुसऱ्याने घेतला होता, त्याला तिथे वेगळं काही बांधायचं होतं. तो अर्धवट सांगाडा त्याला नको होता. तुम्ही अबू सालेमला गळ घालून त्याचा राडारोडा आपल्या यार्डात आणायचं ठरवलंत. पाडायच्या दिवशी तुम्ही गेलात, दादा रजा काढून आला, मी ऑफिसमधून सटकलो. लांब मानेचं ते मशीन वरून एकेक स्लॅब चावत खाली येत होतं. काँक्रीट पडण्याआधी क्षणभर नुसत्या सळ्यांना लोंबकळायचं आणि मग जमीन हादरायची. धुळीच्या ढगात तो सांगाडा मला मोठा, फार मोठा दिसला, उभा होता तेव्हा कधी दिसला नव्हता तेवढा. दादाने तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चल सुनंदा, घरी जाऊ." मला वाटलं आता तुम्ही रडणार. तुम्ही मान वळवलीत ती माझ्याकडे, आणि तुमचे डोळे असे चमकत होते की मी घाबरलो.

"भावोजी," तुम्ही म्हणालात, "ह्याला प्लास्टर लागलंच नाही!"

मला आधी कळलंच नाही.

"अहो, प्लास्टर नाही, जिप्सम नाही, टाइल नाही, रंग नाही! ह्यात कुणी राहिलंच नाही! नुसता दगड, सिमेंट आणि लोखंड! आणि खालच्या मजल्यांचे कॉलम, म्हणजे काँक्रीट किती भारी वापरलं असेल ते तुम्हाला मी सांगायला नको. सांगा आता. सांगा, काय नाव ठेवता?"

वहिनी, एवढ्या धुळीत, स्वतःचं घर डोळ्यांदेखत खाली येत असताना हे कुणाला सुचतं? माझ्या बुद्धीने मी इमारती उभ्या करतो, पण त्या दिवशी तुमच्यासमोर मला लहान झाल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणं छान होतं. काहीतरी प्रचंड आपल्या घरात राहतंय आणि आपण त्याच्याशी रोज ताटावर बसून भांडतोय, असं काहीतरी. तेव्हा मी तोंडाने काय म्हणालो? म्हणालो, "टेस्ट करून बघावं लागेल." एवढंच. आपल्याकडे दीर वहिनीला शाबास म्हणत नाही ना. आज म्हणतो. शाबास, वहिनी. केवढ्या होतात तुम्ही.

तुम्ही त्या टॉवरची खडी यार्डाच्या एका कोपऱ्यात वेगळी ठेवलीत, तिच्यात दुसरं काही मिसळू दिलं नाहीत. त्या ढिगाला शौकतची माणसं "मॅडमचा डोंगर" म्हणायची. आणि छत कशाला हवंय तेही तुम्ही ठरवलं होतंत. इथे उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावरचं काम बंद ठेवावं लागतं, कायदाच आहे. यार्डातली माणसं त्या वेळात पत्र्याच्या केबिनमध्ये पडायची, नाहीतर ट्रेलरच्या खाली. पत्र्याखाली माणूस भाजून निघतो. तुम्हाला त्यांच्यासाठी एक खोली हवी होती, जाड छताची, दुपारी पाठ टेकता येईल अशी. चार भिंती आणि एक स्लॅब. सांगलीहून तुमच्या आईंनी फोनवर तुम्हाला दटावलं होतं, पडक्या घराचं सामान नव्या घराला लावू नये, त्या घराचं दुःख येतं त्याच्याबरोबर. तुम्ही म्हणालात, "आई, त्या घरात कुणी राहिलंच नाही. त्याला दुःख माहीतच नाही." आईंनी फोन दादाकडे द्यायला सांगितला.

मी तुम्हाला काही सोपं जाऊ दिलं नाही. खडी तपासली, मिठाला तपासली, पुन्हा तपासली. काँक्रीटचे क्यूब, म्हणजे ते छोटे चौकोनी ठोकळे, दाबाच्या मशीनमध्ये ठेवून फोडले. पहिले मला हवे होते त्याच्या अलीकडेच फुटले. तुम्ही लॅबमध्ये मशीनपाशी उभ्या राहून ठोकळ्याला "धर रे, धर" म्हणत होतात, प्रसूतीच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या सासूसारख्या. मी म्हणालो, पुन्हा करा. तुम्ही मिश्रण बदललंत. पुन्हा करा. पुन्हा बदललंत. तुम्ही मला खडूस म्हणालात, हेकट म्हणालात, आणि एकदाही मला म्हणाला नाहीत की जाऊ द्या, जरा सोडून द्या. कारण त्या छताखाली कोण झोपणार होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, त्यातल्या प्रत्येकाच्या घरी किती लेकरं आहेत तेही.

शेवटचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात मुरलेले क्यूब फोडायचे होते त्या दिवशी तुम्ही आयसीयूत होतात. मी तासभर सुटून लॅबमध्ये गेलो. दुसऱ्या कुणावर सोपवायचं मनात येईना. काटा चढायला लागला. मला हव्या असलेल्या आकड्यापाशी आला, तिथे थांबला नाही. पुढे गेला. मशीनवरचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. ठोकळा गप्प होता. मग मलाच "धर रे" म्हणावंसं वाटलं, आणि मी म्हणालो, मोठ्याने, परक्या माणसासमोर. तो फुटला तेव्हा मी त्याचे तुकडे गोळा करून बघितले. दगड मधोमध चिरला गेला होता, सिमेंटपासून सुटा झाला नव्हता. समुद्राच्या तळाने तुमच्या सिमेंटला इतकं घट्ट धरलं होतं, वहिनी.

मी तसाच तुमच्याकडे आलो. तिथली मल्याळी नर्स म्हणाली, "बात करो सर, सुनता है कभी कभी." मी काचेच्या आत आलो, तुमच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "वहिनी, क्यूब पास झाले. जिंकलात असं समजू नका, पण सही करतोय." मशीनची टिकटिक तशीच चालू राहिली. तुमचा हात मी धरला होता, तो हलला नाही. तुम्हाला ऐकू गेलं की नाही, हे मला कधीच कळणार नाही. इतकी वर्षं तुम्ही ज्या एका वाक्याची वाट बघत होतात, ते मी म्हणालो आणि समोरून तुमचं एकही टोचून बोलणं आलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर अबू सालेम अल मनखूलच्या घरी आला. सोफा सोडून खाली सतरंजीवर बसला, दादाच्या शेजारी. मग तो म्हणाला, "वो कमरा? मॅडम का कमरा?" दादाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, सही झालीय. "खलास," अबू सालेम म्हणाला, "फिर रुकने का नहीं. यल्ला, चलो."

स्लॅब पहाटे टाकला, ऊन चढायच्या आत, मिश्रणात बर्फ घालून. गोणपाटं, पाणी, सगळं तुमच्या पद्धतीने. शौकत लोडरवर चढायच्या आधी तुमच्या डोंगरापाशी जरासा थांबला आणि मग त्याने बकेट खाली घातलं. दादाला ह्यातलं काही कळत नाही, तरी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभा होता. काम आटपल्यावर त्याने सगळ्यांना बसवलं. बिर्याणी मागवली होती, आणि अल मनखूलच्या दुकानातून जिलेबी. मी म्हणालो, दादा, एवढं कशाला? तो म्हणाला, "अरे, स्लॅब पडला की घरमालकाने जेवायला घालायचं असतं." आणि प्रत्येकाच्या ताटात स्वतः जिलेबी वाढत गेला. त्याला मी तुमच्या मागे रडताना बघितलं नव्हतं. जिलेबी वाढताना तो रडत होता, आणि माणसं खाली मान घालून जेवत होती.

काल छताखालचे टेकू काढले.

टेकू काढताना काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू. एकेक टेकूवर हातोडीचा घाव पडतो, तो सुटतो, आणि आपण कान टवकारून वर काही कुरकुरतंय का ऐकत राहतो. इतक्या इमारती बघितल्या, पण काल मी एकेक घाव मोजत होतो. इरा माझ्या शेजारी उभी होती, तिने माझी बाही धरून ठेवली होती. शेवटचा टेकू पडला. काही झालं नाही. ते तिथे होतं, वर, सरळ, नुसतं स्वतःच्या बळावर. मी आत गेलो, टॉर्च मारून कोपरान् कोपरा बघितला, केसाएवढी चीर नव्हती. बाहेर आलो तर दुपार झाली होती, काम थांबलं होतं, आणि सगळी माणसं दाराशी उभी, आत कुणी जाईना.

दादाने विचारलं, "पडणार नाही ना रे?" त्याने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या भांडणात तोंड घातलं होतं.

"नाही पडणार," मी म्हणालो.

शौकतने दाराशी बूट काढले. मग सगळ्यांनी काढले. एकेक जण आत आला, भिंतीकडेला चटई पसरून आडवा झाला. खोली गार होती. कुणीतरी फोनवर घरच्यांशी बोलता बोलता घोरायला लागला. दादा भिंतीला टेकून बसला, इरा त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून. मी मधोमध चटईवर उताणा पडलो. वर तुमची खडी. ज्या वर्षी ती माणसांनी खाली राहावं म्हणून ओतली गेली, त्या वर्षापासून आजवर तिच्याखाली कुणीही पाठ टेकली नव्हती. मी ठरवलं होतं की सगळे झोपले तरी आपण जागं राहायचं, वर लक्ष ठेवायचं. सही माझी आहे.

शौकतने खांदा हलवला तेव्हा काम सुरू व्हायची वेळ झाली होती. "सायब, उठा," तो म्हणाला. "काय झोपलाय!"